पंखावरून उडालेली सायकल

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवायला मी सांगतही नाही, असं बेराखीने आधीच बजावलं. मग म्हणाला, गोऱ्यांच्या हमरस्त्यावर सायकल घालणारा अस्मारातला आपला पहिला माणूस मीच.

समोर सायकल क्लबचा चिटणीस मुसिए वही उघडून बसला होता. देश स्वतंत्र होऊन दोन वर्षं झाली होती, आणि येत्या रविवारी शहराची सायकलफेरी निघणार होती. कॅथेड्रल, मोठी मशीद, एंडा मरियमचं चर्च, जुनं सिनेमाघर, सगळ्या मानाच्या इमारतींपुढून. पन्नासेक वर्षांपूर्वी, इटालियनांच्या राज्यात, त्या हमरस्त्यावर आपल्या माणसाला पाऊल टाकायची बंदी होती. ती ज्याने सायकलवरून पहिल्यांदा मोडली, त्याने फेरीच्या सर्वांत पुढे राहायचं, असं क्लबात ठरलं होतं. नाव तेवढं ठरायचं होतं. दोन म्हातारे दावा सांगून मोकळे झाले होते. बेराखी तिसरा.

मुसिएला घाई होती. पण कॉफीची आत्ता कुठे दुसरी फेरी चालली होती, आणि तिसरा पेला न घेता उठणाऱ्याचा आशीर्वाद उंबऱ्याच्या आतच राहतो, हे अस्मारातलं शेंबडं पोरही जाणतं. बेराखीची बायको लेतेब्रहान बुटक्या स्टुलावर बसून निखाऱ्यांना वारा घालत होती. वर मातीची सुरई. तिला कसलीच घाई नव्हती.

तर बेराखी तेव्हा अठरा वर्षांचा. सायकल एका इटालियन लाँड्रीची. लेतेब्रहान त्याच लाँड्रीत इस्त्री करायची, एवढं एक वाक्य तिच्या वाट्याला आलं. कडक इस्त्रीचे चाळीस शर्ट कॅथेड्रलमागच्या घरांत पोचवायचे होते. नेहमी मागच्या बोळांतून वळसा घालायचा, त्या दिवशी सायकल सरळ हमरस्त्याला लागली.

"का पण?" मुसिएने विचारलं.

"त्या रस्त्याचे दगड आमच्या बापांनी डोक्यावर वाहिले. बापाने घातलेल्या रस्त्याला पोराने पाय लावायचा नाही, हा कुठला न्याय?"

मुसिएने हे वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं.

मग शिट्ट्या झाल्या. दोन शिपाई मोटारसायकलवरून मागे लागले. कॅथेड्रलपुढून सायकल अशी सुटली की घंटेचा पहिला टोला मागून ऐकू आला आणि दुसरा पुढून. सिनेमाघरापाशी टोपीवाल्या मडमांना वाटलं शर्यतच आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मशिदीपाशी नमाज आटोपून निघालेली माणसं दुभंगली, सायकल गेली, आणि शिपाई येताच पुन्हा मिटली. एंडा मरियमच्या पाद्र्याने छत्री उंचावून आशीर्वाद दिला. शेवटी उतारावर तो पेट्रोलपंप आला, विमानासारखे दोन सिमेंटचे पंख असलेला. बांधकाम अजून ओलं होतं, एका पंखाला फळी टेकलेली. सायकल फळीवरून पंखावर, पंखाच्या टोकावरून थेट आभाळात. टोपलीतल्या चाळीस शर्टांत वारा भरला, ऐंशी बाह्या पसरल्या. आणि सायकल उतरली ती मेदेबेरच्या बाजारात, पत्रे ठोकणाऱ्या कारागिरांच्या मधोमध. एकाचाही हातोडा थांबला नाही.

"अबोय," मुसिए आदराने म्हणाला, कारण बापाच्या वयाचा माणूस, "मेदेबेर शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे."

"वारा होता," बेराखी म्हणाला.

मुसिए हसला, पण वही मिटली नाही. उडण्याचं राहू द्या, तो म्हणाला. शर्टांची टोपली घेऊन हमरस्त्यावरून गेलेली सायकल त्याने इतर म्हाताऱ्यांकडूनही ऐकली होती. बाकीच्या दोघांचे दावे त्यापुढे टिकत नव्हते. फक्त चालवणाऱ्याचं तोंड पांढऱ्या शालीत गुंडाळलेलं होतं, ते कोणी पाहिलं नव्हतं. आणि एक म्हातारा शिंपी म्हणतो, सायकलवर दोघं होती.

"दोघं कसली? मागे मळक्या कपड्यांचं गाठोडं होतं," बेराखी म्हणाला, आणि ताठ बसला. रविवारी घालायचा कोट त्याने सकाळीच झटकून ठेवला होता.

मुसिएने पेन उघडलं. लेतेब्रहानने तिसरी फेरी ओतायला घेतली. मुसिएचा पेला काठोकाठ भरला, धार एकदाही तुटली नाही. नवऱ्याच्या पेल्यावर मात्र सुरई तशीच तिरपी थांबली. चोपन्न वर्षं हीच गोष्ट तिने ओतता ओतता ऐकली होती, आणि प्रत्येक वेळी नुसतीच हसली होती. आज ती हसली नाही.

मुसिए कागदावर 'बे' लिहून पुढच्या अक्षराला लागला होता.

"थांब, पोरा," ती म्हणाली. "उडाली हे अगदी खरं. पण पॅडल मी मारत होते. गाठोडं हा होता."