माडावरचा भुंगा

सहदेव माडाच्या शेंड्यावर बसून कोंब पोखरणारा भुंगा तारेच्या आकड्याने उपसत होता. बागेचे मालक दाजी खाली मान वर करून उभे होते. असल्याच एका किड्याने त्यांचा एक माड आधीच मारला होता.

“दाजीनू, आकडो वाकलो, पण हेची पाठ मोडाक नाय!” सहदेव वरून हसला.

“सोडू नको हां तेका!”

निसटलेल्या भुंग्याला धरायला सहदेव झेपावला आणि दोघेही खाली आदळले. भुंगा उताणा पडला, पाय झाडत सुलटा झाला आणि चालू लागला. सहदेवची कंबर मोडली होती.

दाजी धावले. पायातली वहाण काढून त्यांनी भुंग्यावर उगारली, तोच पाठीमागून क्षीण आवाज आला.

“दाजीनू, मी हंय आसंय.”

उगारलेली वहाण दाजींना खाली घेता येईना.