फांदीआडचं घरटं

पाचू कवडा या पक्ष्याच्या अंड्यांची टरफलं मुठीत घेऊन वाटाड्या भिकाजी तणतणत जीपपाशी आला. काल त्याने पाहुण्यांना दाखवलेलं घरटं आज कावळ्यांनी लुटलं होतं.

"ही बघा तुमच्या फोटोची करणी! समोर फांदी होती म्हणून मादी झाकलेली होती. लाज नाय वाटत?"

त्यातला एक पाहुणा गडबडला. "काका, पानं आड येतायत एवढंच आम्ही म्हणालो. फांदी तुम्हीच छाटलीत."

भिकाजीच्या कमरेच्या कोयत्यावर कालचा चीक अजून तसाच होता. तरी तो खेकसला, "मग अडवलं का नाय मला?"

पाहुण्याने कॅमेरा पुढे धरला. फोटोच्या कोपऱ्यात भिकाजीचा उगारलेला कोयता होता. आणि पाचोळ्यात पाऊल वाजलं तरी उडून जाणारी ती लाजरी मादी अंड्यांवर घट्ट बसून होती.