वाचलेल्यांचं पाणी

माशांची पिल्लं गोल फिरू लागली होती. एखादं उताणं पडायचं, पोट वर करून गरगरायचं, सरळ व्हायचं आणि पुन्हा फिरायचं. बोडीच्या, त्या लहानशा तळ्याच्या, काठावर बसलेल्या मत्स्यबीज केंद्राच्या रितामॅडमनं त्यातलं एक ओंजळीत घेतलं. ते तिनं परत पाण्यात सोडलं नाही.

"तेच आहे," ती म्हणाली. "मागच्या वर्षीचंच."

आसाराम ढीवर तिच्या मागे उभा होता. त्याची सून ममता मांडीभर पाण्यात. जिताडा समुद्रातला मासा, पण गोड्या पाण्यातही वाढतो, असं ऐकून त्यांनी मागच्या वर्षी त्याचं बीज, म्हणजे बोटभर पिल्लं, आणलं. रोगानं बोडी रिकामी केली. थोडेसे वाचले. यंदाचं हे दुसरं बीज. हेही गेलं तर सानगडीच्या बाजारात ममता टोपलीत काय घेऊन बसणार होती?

"समुद्राचं जनावर हाय थे," आसाराम म्हणाला. "बोडीत आनलं त घेरी येनारच."

रिता उठून उभी राहिली.

"वाचलेले कुठं आहेत, बाबा?"

त्यानं बोट दाखवलं. बोडीच्याच एका कोपऱ्यात बांबू रोवून जाळी ताणली होती. आत मोठे जिताडे संथ फिरत होते, चांदीच्या अंगाचे, धट्टेकट्टे.

"याच पाण्यात ठेवले?"

"आमच्यात तसंच करतेत, मॅडम. नवं बीज एकटं नाही सोडत. जुने चार ठेवतेत, पानी दाखवाले. हे मोठे बारक्याइले गिळतेत, म्हून मधात जाळी लावली मी."

"मामाजी त्याइले रोज सकाळी अभंग म्हनून दाखवते," ममता म्हणाली. "नामानं वाचले म्हनते."

रिता हसली, मग गंभीर झाली. "यांच्या रक्तात काहीतरी आहे, आईबापाकडून आलेलं. विषाणू अंगात शिरतो, पण यांना पाडू शकत नाही. यांची अंडी मिळाली तर पुढची पिढी टिकेल. म्हणून तर मी न्यायला आले." तिनं जाळीकडे बोट केलं. "पण तो अंगातून जातही नाही, बाबा. मेंदूत, डोळ्यांत बसून राहतो. हे नीट खातात, नीट पोहतात, आणि पाण्यात रोग सोडत राहतात. जाळी माशाला अडवते. त्याला नाही."

आसाराम जाळीकडे पाहत राहिला. साथीच्या वर्षी कीर्तनाच्या सप्ताहातून तापही त्यानंच घरी आणला होता. तेव्हा तो ओसरीत वेगळा झोपला होता, मधल्या दाराला धोतर बांधून. तो तापातून उठून बसला. धोतराच्या पलीकडे त्याची बायको बायाबाई गेली, आणि तिच्या मागून मिथुन, ममताचा नवरा.

"मॅडम," त्यानं विचारलं, "वाचनाऱ्याले समजते का, आपल्या आंगात काय हाय थे?"

"कसं समजणार? त्याला तर काहीच झालेलं नसतं."

मोठे जिताडे टबात घालून गाडीत चढवले गेले. जाताना रिता ममताला सांगून गेली: पिल्लं आजच ओढून काढा, चुना टाकून पुरा, घारीनं एखादं उचलून दुसऱ्या तलावात टाकायच्या आत.

गाडी गेली. ममतानं जाळं पाण्यात पसरलं. एक टोक तिच्या हातात होतं, दुसरं तिनं काठाकडे फेकलं. आसाराम काठावरच उभा. त्यानं धोतरही खोचलं नव्हतं.

"मामाजी, धरा."

"मी उतरू पान्यात?"

ममतानं त्याच्याकडे पाहिलं.

"दोघाइचं काम हाय थे," ती म्हणाली. "एकटीनं कसं व्हईल?"

तो उतरला. टोक धरलं, पण दूर जाऊन, जाळं पुरतं ताणलं जाईल इतक्या दूर. ममता आपल्या बाजूचं जाळं हातावर गोळा करत त्याच्याकडे येऊ लागली. दोघांच्या मधलं पाणी कमी कमी होत गेलं, आणि त्या उरल्या पाण्यात पिल्लं अजून गोल फिरत होती.