उकडतंय

"आता बरं वाटतंय गं. चांगलंच उकडायला लागलं," म्हणत मालूआत्यांनी अंगावरची शाल भिरकावली आणि स्वेटरच्या बटणांना हात घातला.

"बघ, झाला हीटर चालू!" पुढून विश्राम खुशीत म्हणाला. सेला खिंडीतल्या बर्फात त्यांची जुनी गाडी दुपारपासून अडकली होती. त्यात आत्या घसरून पडल्या होत्या, साडीसकट भिजल्या होत्या.

आत्यांशेजारी मागे बसलेल्या रेणुकाने पुढे वाकून हीटरच्या जाळीपुढे हात धरला. वारा गारच येत होता. ती नर्स होती. गारठलेलं माणूस हातचं जायला लागलं, की त्याला असं उकडतं, हे तिला ठाऊक होतं.

"विश्राम, हीटर गारच आहे! आणि तो इंजिनाच्या तापाचा काटा बघ केवढा चढलाय. इंजिनातलं पाणी संपलंय, मग हीटरला ऊब कुठून मिळणार?"

पण इंजिन निवेपर्यंत रेडिएटरचं झाकण उघडता येईना. तोवर रेणुकाने आत्यांना आपल्या जाकिटात ओढून घेतलं. "आई, सोड ना," त्या हसून तिलाच म्हणाल्या. मग बोलायच्याच थांबल्या. रेणुका हाका मारत राहिली, त्यांचे तळवे चोळत राहिली.

विश्रामने बाटल्यांमधलं सगळं पाणी रेडिएटरमध्ये ओतून गाडी सुरू केली. आधी गारच वारा आला. मग कोमट. मग चक्क ऊन.

कितीतरी वेळाने आत्यांचे दात कडकडा वाजायला लागले. "मेले गं थंडीने!" त्या कण्हल्या.

रेणुकाला रडूच फुटलं. "वाजू दे, आत्या," ती म्हणाली, "चांगली वाजू दे थंडी."