भिंतीवरचे डोळे

खाणीत गाडल्या गेलेल्या कामगाराचा चेहरा चित्रकाराने खाणीच्या फाटकासमोरच्या भिंतीवर रंगवला, चांगला दोन मजले उंच. डोळे तर असे, की कुठूनही या, तुमच्यावरच रोखलेले. मालकाची झोप उडावी म्हणून. कंपनीने आधी गोड बोलून पाहिलं, मग माणसं धाडून त्याची दोन बोटं मोडली. "उरलेली आठ पुरतात," म्हणाला, आणि डोळे काही पुसले नाहीत. पण मालकाच्या बापाचं काय गेलं! तो काळ्या काचांच्या गाडीतून ये-जा करत राहिला.

वर्षभराने त्या कामगाराची बायको आली. "दादा, तेवढे डोळे मिटा त्यांचे."

"कंपनीने पाठवलं का?"

"कंपनीने प्रेत नाही पाठवलं, मला काय पाठवतेय! सासूबाई रोज त्यांचं ताट वाढून उंबऱ्यावर बसतात. म्हणतात, बघतोय की इकडंच, आलाच आता. ते जेवल्याशिवाय धड घास घेत नाहीत. नुसती हाडं उरलीत. मेलेल्याचे डोळे घरच्यांनी मिटायचे असतात, दादा. आमच्या नशिबात तेही नव्हतं."

चित्रकाराने शिडी लावली. दोन पापण्या रंगवायला तासही लागला नाही.

खाली उतरला तर म्हातारी समोर उभी. तिने भिंतीकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या ब्रशकडे पाहिलं आणि त्याची गचांडी धरली.

"मारलास ना रे माझ्या लेकाला!"