पहिला फोन किशोरचा

फोन वाजला तशी आचल खुर्चीत ताठ बसली. आला, किशोरदादाचा फोन आला.

सकाळीच त्यानं बजावून ठेवलं होतं, "पयला फोन माहाच राहीन. शेतकरी होऊन असा तरास देईन का रडशीन. नाही घाबरली, तर नोकरी पक्की."

कीटकनाशकाच्या कंपनीचं हे अकोल्यातलं मदत केंद्र. दिवस कपाशीवरच्या फवारणीचे, शेजारच्या टेबलांवरच्या पोरींना सकाळपासून पाणी प्यायला उसंत नव्हती. नव्या मुलींना तयार करायचं काम किशोरचं, आणि पास-नापासही त्याच्याच हाती. नापास झालं की पुन्हा अमरावती, राजापेठेतली ती कोंदट खोली आणि स्पर्धा परीक्षांचे क्लास. घरी बाबांनी तर पेढे वाटूनही टाकले होते. आता परत जायचं ते कुठल्या तोंडानं?

तिनं सूचनांचा कागद पुढ्यात ओढला. आधी नाव, मग तालुका, मग औषध. आवाज चढवायचा नाही. वऱ्हाडी तर अजिबात बोलायचं नाही. करिश्मा नावाची एक मुलगी गेल्या आठवड्यात याच खुर्चीत घाबरून ओरडली, आणि त्याच दिवशीच्या एसटीनं घरी गेली.

"नमस्कार. आपलं नाव सांगाल का?"

"भगवंतराव." आवाज दमलेला होता. "मॅडम, पऱ्हाटीवर फवारा मारून राहिलो होतो. डोयापुढं अंधारी येऊन राहिली. उलटी आल्यासारखं वाटते. बसलो धुऱ्यावर, वावराच्या कडेले."

आचलला धाकधुकीतही हसू आलं. काय बेमालूम सोंग! मागं सूं सूं वारासुद्धा वाहत होता. मोबाईलवर लावला असेल, दुसरं काय. कृषी महाविद्यालयात तोंडी परीक्षेच्या वेळी प्रयोगशाळेतले पुंजाजी असेच शेतकरी होऊन बसत आणि उलटसुलट विचारून भल्याभल्यांना घाम फोडत. आचल मात्र तिथं पहिली आली होती. पोरगी कशानं डगमगत नाही, असं सर म्हणाले होते.

"आपला तालुका कोणता?"

"अवो, तालुक्याचं काय घेऊन बसल्या! वारा उलटा होता. शर्ट सारा ओला झाला औषधानं. तोंडातली थूक आवरून नाही राहिली."

अंधारी, मळमळ, लाळ. विषबाधेची लक्षणं पठ्ठ्या अगदी क्रमानं पाठ करून आला होता. हाच तो सापळा. इथंच करिश्मा फसली असणार. आचलनं आवाज गोड ठेवला.

"औषधाचं नाव सांगता का, सर?"

"डबाच दिसून नाही राहिला, माय..."

'माय' म्हटलेलं तिला कुठंतरी लागलं. पण परीक्षा ती परीक्षा. तिनं कागदावरचं शेवटचं वाक्य स्पष्ट उच्चारात वाचलं, "कृपया फोन चालू ठेवा. मी वरिष्ठांना विचारून माहिती देते." आणि होल्डचं बटण दाबलं. पलीकडे सनईची धून सुरू झाली असणार. फोनवरचा लाल दिवा लुकलुकू लागला.

तिनं श्वास सोडला. जमलं! ओरडली नाही, चुकली नाही, एक शब्द वऱ्हाडी बोलली नाही. आता किशोरदादा काय खोड काढतो ते बघूच.

दार उघडलं. काखेत हेल्मेट, कपाळावर घाम, हाताला ग्रीसचे डाग. किशोर धापा टाकत आत आला.

"माफ कर बाई. गाडी पंचर झाली रस्त्यात, इतका वेळ तिथंच अडकलो. चाल, आता घेऊ तुही परीक्षा."

आचलनं त्याच्याकडे पाहिलं. मग लुकलुकणाऱ्या दिव्याकडे. तिनं बटणावर झडप घातली.

"काका!" ती एवढ्यानं ओरडली की शेजारच्या पोरी उठून उभ्या राहिल्या. "काका, मी आचल बोलून राहिली! आंगातला शर्ट काढून फेका! बाजूच्या वावरात कोन हाये? त्याले आवाज द्या, काका! आयकून राहिले ना?"

पलीकडे वारा वाहत होता. खरा वारा.