श्रीपतराव गेले ती सकाळ

काचेच्या पेटीत पिकदाणी ठेवली होती. आतले तंबाखूचे डागसुद्धा जसेच्या तसे. गुलबर्ग्याच्या प्राध्यापकांनी वाकून तिचा फोटो काढला, तेव्हा मंजुश्री तिथून बाजूला झाली.

लेखक श्रीपतराव तिचे वडील. ते तिला फारसे आठवत नव्हते, पण मावशीनं सांगितलेलं विसरताही येत नव्हतं. शुद्धीत असले तर ते पिकदाणीत थुंकत, नसले तर आईच्या अंगावर. खालच्या पाटीवर यातलं अक्षरही नव्हतं.

आज ती आईला कायमची घेऊन जायला आली होती. आई, चांगुणाबाई, मात्र पाहुण्यांना घर दाखवण्यात गुंग होती; ट्रस्टनं अकरा वर्षांपूर्वी या घराचं स्मारक केलं, तेव्हापासून हे काम तिचंच होतं.

"लई मायाळू माणूस," चांगुणाबाई सांगत होत्या. "मला कधी मोठ्यानं बोलले न्हाईत."

मागच्या दारातून सगळे नदीच्या घाटावर उतरले.

"रोज इथंच अंघोळीला यायचे. त्या सकाळी पाय घसरला. मी आत भाकरी थापायलते, लेकरू निजलं व्हतं. जवळ कोणी कोणी नव्हतं."

एका बाईंनी डोळे पुसले. मंजुश्रीनं तोंड फिरवलं.

पाहुण्यांची गाडी गेली तशी ती आईपाशी आली. "अकरा वर्षं हेच सांगायलीस. दारुड्यानं तुला गुरासारखं मारलं अन् तू त्याची आरती ओवाळायलीस. किळस येते मला तुझी."

"येऊ दे."

"तुझे कपडे भरलेत मी. चल. ट्रस्टवाले दुसरा माणूस ठेवतील."

"तेच नको."

"कामून?"

"नवा माणूस गावात विचारत फिरंल, त्या दिवशी काय झालतं म्हणून. मी सांगायलेय तोवर कोणी विचारत न्हाई. नदीपल्याडची राजूबाई अजून जिती हाय. तिनं बघितलंय."

"काय बघितलंय? पिऊन पडले, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे."

चांगुणाबाई पायरीवर टेकल्या. बराच वेळ त्यांनी लेकीकडे पाहिलंच नाही.

"पिलेले व्हते, खरंय. माझी मान धरून पाण्यात दाबायलते. मी मेलेच म्हणायचं."

"मग?"

"पाच वर्षांची व्हतीस तू. मागून पळत आलीस अन् दोन्ही हातांनी ढकललंस त्यांला."